नीटला मध्यम गुण मिळाले? महाराष्ट्रात मेडिकलचा पसंतीक्रम असा भरा

नीटचा निकाल लागला की वरच्या हजार-दोन हजारांतल्या मुलांना कुणाचा सल्ला लागत नाही. घोळ होतो तो मधल्यांचा. सरकारी एमबीबीएसच्या कटऑफच्या थोडं अलीकडे किंवा पलीकडे असलेली, म्हणजे अगदी कुंपणावरची मुलं. परीक्षा संपल्यावर यांच्या हातात एकच गोष्ट उरते, पसंतीक्रमाचा फॉर्म. आणि नेमका तोच घाईत, सायबर कॅफेत, दुसऱ्या कुणाच्या तरी सांगण्यावरून भरला जातो. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. निकालानंतरचे दोन-तीन महिने आईबाप मुलांना घेऊन माझ्याकडे येऊन बसतात, आणि दर वर्षी त्याच चुका निस्तरायची वेळ येते. त्या वेळेआधीच टळाव्यात म्हणून हे क्रमानं लिहिते आहे. टप्पे याच क्रमानं करा. चौथा टप्पा झाल्याशिवाय सातव्याला हात लावू नका.

## टप्पा १ : गुण बाजूला ठेवा, रँक धरा

"मागच्या वर्षी इतक्या गुणांना अमुक कॉलेज मिळालं होतं" हे वाक्य घरात कुणी उच्चारलं की तिथेच थांबवा. ७२० पैकी ६०० गुणांना २०२४ साली ऑल इंडिया रँक ८० हजारांच्या घरात होती. २०२५ ला पेपर, त्यातही फिजिक्स, इतका अवघड निघाला की त्याच ६०० गुणांना रँक दीड हजाराच्या आत आली. गुण तेच, पण एका वर्षी कुंपणावर आणि दुसऱ्या वर्षी देशातल्या नामवंत कॉलेजच्या दारात. म्हणून मागच्या वर्षाशी तुलना करायची ती फक्त रँकची.

तीन आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा : ऑल इंडिया रँक, राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक (सगळे त्याला एसएमएल म्हणतात) आणि आपल्या प्रवर्गातला क्रमांक. एसएमएल राज्याचे प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलची यादी लागल्यावरच कळतो, तोवर पहिल्या आकड्यावर काम चालतं.

सावध : "क्वालिफाय झाला" म्हणजे प्रवेश नव्हे. २०२५ ला खुल्या गटाची पात्रता १४४ गुणांवर थांबली आणि १२ लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत.

## टप्पा २ : आपल्याला कोणती दारं उघडी आहेत ते ठरवा

दारं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाची नोंदणी वेगळी.

सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या. त्या दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, भरते. सगळी एम्स आणि डीम्ड, म्हणजे स्वतःची पदवी देणारी अभिमत विद्यापीठंही एमसीसीकडेच आहेत. सरकारीतल्या उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी सेल कॅप फेऱ्यांतून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, भरतो. खाजगी कॉलेजंही सीईटी सेलकडेच असतात, आणि त्यांच्या १५ टक्के जागा इन्स्टिट्यूट कोट्याच्या, कितीतरी पट फीच्या. डीम्ड कॉलेज महाराष्ट्रात असलं तरी राज्याच्या फॉर्ममध्ये सापडणार नाही. कऱ्हाडचं किंवा लोणीचं नाव शोधत अर्धा तास घालवलेले पालक मी पाहिलेत.

राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी, शिवाय अधिवास प्रमाणपत्र हवं. केंद्र-राज्य सरकारी कर्मचारी, सैन्यदल अशा काही घरांतल्या मुलांना सवलती आहेत, त्या माहितीपुस्तिकेत वाचा. मुलाला अकरावी-बारावीसाठी राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला पाठवून तिथल्याच शाळेतून बोर्डाचा फॉर्म भरला असेल, तर लातूर-नांदेडच्या घरातला मुलगाही राज्याच्या कोट्याबाहेर जातो. हे निकालानंतर कळतं तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. हा लेख दहावीतल्या मुलाच्या पालकांनी वाचला असेल, तर त्यांनी एवढी एक गोष्ट आजच मनात पक्की करावी.

सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात वेगळ्या जागा आहेत. बेळगाव-निपाणीकडच्यांनी त्या जरूर तपासाव्यात. डोंगरी भागाचा कोटाही असाच, माहीत नसल्यामुळे सुटणारा.

७०:३० चा विभागीय कोटा २०२० मध्येच रद्द झाला. मराठवाड्यातल्या मुलानं मुंबई-पुण्याची कॉलेजं लिहू नयेत असं अजूनही सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

## टप्पा ३ : कागद आधी, कॉलेज नंतर

मधल्या गुणांच्या मुलाचा प्रवेश बहुतेक वेळा प्रवर्गाच्या कटऑफवर होतो, आणि प्रवर्ग सिद्ध होतो तो कागदावर. निकालाची वाट न बघता एप्रिल-मेमध्येच ही कामं संपवा :

- राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र.
- जातीचं प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र. पडताळणी समितीकडे महिने जातात. अर्ज अकरावीतच केलेला बरा. "पावतीवर भागतं" यावर विसंबू नका, तो नियम वर्षागणिक बदलतो.
- नॉन-क्रिमी लेयर. त्यावरची मुदत ३१ मार्चची असते. जुनं प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहिलेली मुलं ऐन पडताळणीत खुल्या प्रवर्गात ढकलली जातात.
- ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) किंवा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास), जे लागू असेल ते. उत्पन्नाचा दाखलाही चालू वर्षाचा.
- दहावी-बारावीची गुणपत्रकं, नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. वर्ष मोडलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

सावध : राज्याचा प्रवर्ग आणि केंद्राचा प्रवर्ग एकच नसतो. एमसीसीसाठी ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात हवं आणि जात केंद्राच्या यादीत हवी. एसईबीसी आरक्षण फक्त राज्यात चालतं. ऑल इंडिया कोट्यात एनटी (भटक्या जमाती), व्हीजे (विमुक्त जाती) असे वेगळे गट नाहीत.

तपासा : आधार, दहावीचं गुणपत्रक आणि नीटचा अर्ज, तिन्हींवर नाव एकसारखं आहे का? आईच्या नावातल्या एका अक्षरासाठी तहसीलला चार खेटे मारावे लागतात.

## टप्पा ४ : पैशाची रेघ मारा

हा टप्पा घराघरांत टाळला जातो. मुलांसमोर पैशाचं बोलायचं नाही, असं वाटतं. पण रेघ आधी मारली नाही, तर खाजगी कॉलेज लागल्यावर तीन-चार दिवसांत लाखो रुपये उभे करायची वेळ येते, आणि त्या तीन दिवसांत माणसं शेत विकायला निघतात.

हिशोब असा करा. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, पुढे एक वर्ष इंटर्नशिप. खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजवार दिसते. कॉलेजच्या माणसानं फोनवर सांगितलेला आकडा धरू नका. समजा वार्षिक फी १० लाख आहे : साडेचार वर्षांचे ४५ लाख. हॉस्टेल आणि मेसचे वर्षाला दीड लाख धरले, तर साडेपाच वर्षांचे सव्वाआठ लाख. अनामत, पुस्तकं, विद्यापीठाचं शुल्क वेगळं. डीम्डला तर बऱ्याच ठिकाणी नुसती फीच वर्षाला २० लाखांच्या पुढे जाते.

आता वजाबाकी. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल, तर राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मं शिक्षण शुल्क माफ होतं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, त्याच उत्पन्न मर्यादेत. इन्स्टिट्यूट कोटा आणि डीम्डला हे लागू नाही. ज्या मुलीचं "खाजगी झेपणार नाही" म्हणून घरात ठरलेलं असतं, तिच्याबाबतीत हा एक शासन निर्णय सगळं चित्र बदलतो. तरीही पहिल्या वर्षाचे पैसे हाताशी असू द्या. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून रक्कम यायला वेळ लागतो आणि काही ठिकाणी आधी भरा म्हणतात.

कर्जाचं म्हणाल तर साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, पुढे मागतात. शेतजमीन तारण ठेवायला बँका नाखूश असतात, कारण थकबाकी वसुलीच्या सरफेसी कायद्यातून ती वगळलेली आहे. घर किंवा एनए प्लॉट विचारतात. बँकेत निकालाच्याच आठवड्यात जाऊन बसा.

मग एक आकडा कागदावर लिहा : एवढ्याच्या वर आपण जाणार नाही. सगळ्यांनी तो बघावा, मुलानंही.

## टप्पा ५ : कटऑफ स्वतः काढा

क्लासवाल्यांच्या रंगीत तक्त्यांवर भरवसा ठेवू नका. बऱ्याचदा त्यात फेरी कोणती, प्रवर्ग कोणता हेच लिहिलेलं नसतं. सीईटी सेल दर फेरीची निवड यादी पीडीएफमध्ये लावतो. मागच्या वर्षीची पहिली आणि तिसरी फेरी उतरवून घ्या. दोनशे पानी वही घ्या, एका पानाला एक कॉलेज. पीडीएफमध्ये कॉलेजचा कोड शोधा, आपल्या प्रवर्गात आणि खुल्यात शेवटी कोणत्या रँकला प्रवेश मिळाला ते लिहा, दोन्ही फेऱ्यांचं. मुलानं स्वतःच्या हातानं लिहावं. दोन दिवस लागतात. पण तोवर कुठलं कॉलेज कुठल्या जिल्ह्यात, कुठे किती जागा, कुठे रँक किती घसरते, हे त्याला तोंडपाठ होतं.

मग तीन गठ्ठे करा. मागच्या वर्षी जिथे शेवटची रँक आपल्यापेक्षा बरीच वर थांबली ती लांबची कॉलेजं. थोडी पुढे-मागे थांबली ती कुंपणावरची. आपल्या रँकच्या बरीच पुढे गेली ती पक्की. मध्यम गुणांच्या मुलाची लढाई दुसऱ्या गठ्ठ्यात असते आणि तिसऱ्या फेरीत लागते. पहिल्या फेरीचा कटऑफ पाहून हाय खाणं ही इथली सगळ्यात मोठी चूक.

तपासा : नव्या कॉलेजचा मागच्या वर्षीचा आकडा आहे का? २०२४ मध्ये जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली, भंडारा अशी दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली. अशा भरतीनं शेवटची रँक बदलते. यंदा जागा वाढल्या की घटल्या, ते यंदाच्याच जागांच्या तक्त्यात बघा.

## टप्पा ६ : केसपेपरच्या खिडकीपुढे उभे राहा

कुंपणावरची आणि पक्की खाजगी कॉलेजं शक्य तितकी बघून या. प्रवेशद्वार, सभागृह, जिम दाखवतील, ते सोडा. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहा वाजता ओपीडीत जा आणि केसपेपरच्या खिडकीपुढची रांग बघा.

एका विद्यार्थिनीला आणि तिच्या वडिलांना घेऊन मी असंच एका खाजगी रुग्णालयात गेले होते. इमारत चकचकीत. मेडिसिनच्या पुरुष वॉर्डात तीस खाटा, चादरी ताणून घातलेल्या, पेशंट सहा. त्यातले दोघं बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर दिसले, हाताला सलाईनची सुई नाही, पट्टी नाही. दुपारी तिथून चाळीस किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजात गेलो. भिंतीचा रंग उडालेला, पण बाळंतपणाच्या वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती आणि इंटर्न मुलगी एका हातानं बीपी बघत दुसऱ्यानं नोंदी करत होती. वडील तिथेच म्हणाले, "मॅडम, हितं शिकंल पोरगी." यादीत त्यांनी ते कॉलेज अकरा जागा वर नेलं.

राज्याच्या फॉर्ममधल्या सगळ्या कॉलेजांत पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच. गोंदियाला शिकलं काय किंवा मुंबईला, परीक्षा तीच. म्हणून "लांबचं सरकारी नको, जवळचं खाजगी बरं" असं म्हणण्याआधी दहा वेळा विचार करा. खाजगीत इंटर्नना विद्यावेतन किती मिळतं, तेही तिथल्याच मुलांना विचारा. सरकारीतून एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे, न केल्यास १० लाखांचा दंड. हे दोन्ही वहीत नोंदवा.

## टप्पा ७ : क्रम लावा

आता मुख्य काम. संगणक जागा कशा वाटतो ते आधी समजून घ्या, मग भीती जाते. तो गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरुवात करतो. प्रत्येकाच्या यादीत वरून खाली उतरतो आणि मिळण्यासारखी पहिली जागा देतो. तुमचा नंबर आला की तुमचं पहिलं नाव बघतो, नाही मिळालं तर दुसरं, तिसरं, सत्ताविसावं. वर लिहिलेलं लांबचं कॉलेज मिळालं नाही म्हणून खालच्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

एक वडील माझ्यासमोर हटून बसले होते. "मॅडम, आधी मिळण्यासारखं लिहू, वरचं लिहून नंबर कशाला वाया घालवायचा?" त्यांनी घराजवळचं बीडीएस (दंतवैद्यकी) पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं, एमबीबीएसची सगळी कॉलेजं त्याखाली. ग्रुप ए मध्ये एमबीबीएस आणि बीडीएस एकाच यादीत येतात. तसाच फॉर्म गेला असता, तर पोराला एमबीबीएस लागत असतानाही बीडीएस मिळालं असतं आणि दोष कुणालाच देता आला नसता. मी वहीतली पानं फाडून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, फक्त आवडीप्रमाणे लावा, मिळेल-न मिळेल हे विसरा. त्यांना पाऊण तास लागला. यादी पूर्ण उलटी झाली.

तर नियम दोनच. काय लिहायचं, ते टप्पा ४ ची रेघ आणि टप्पा ६ ची भेट ठरवते. जिथे प्रवेश मिळूनही जाणार नाही, ते कॉलेज यादीत कुठेच नको. कोणत्या क्रमानं लिहायचं, ते फक्त आवड ठरवते. कटऑफचा उपयोग यादी पुरेशी खाली गेली आहे का, एवढंच बघायला : शेवटी तीन-चार पक्की नावं असली पाहिजेत, आणि तीही खरोखर जाण्यासारखी.

प्रत्यक्षात मधल्या मुलाची यादी साधारण अशी दिसते : आवडीची सगळी सरकारी, लांबच्या जिल्ह्यांतलीसुद्धा. मग भेट देऊन पटलेली, पैशाच्या रेघेत बसणारी खाजगी. मग सरकारी बीडीएस, हवं असेल तर. इन्स्टिट्यूट कोटा रेघेत बसत नसेल तर तो पर्यायच उघडू नका, "बघू लागलं तर" म्हणूनही नाही.

सावध : नावावरून नव्हे, कोडवरून भरा. एकाच संस्थेची, एकाच आडनावाच्या विश्वस्तांची दोन-तीन कॉलेजं असतात. भरल्यावर प्रिंट काढा. एकानं कोड वाचायचा, दुसऱ्यानं वहीतून नाव सांगायचं. मग एक रात्र जाऊ द्या, सकाळी लॉक करा. पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल घरातलाच. "मॅनेज करतो" म्हणणाऱ्या एजंटला उंबऱ्याच्या आत घेऊ नका, देणगी घेऊन प्रवेश देणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

## टप्पा ८ : फेऱ्यांमध्ये हातची जागा सांभाळा

पहिल्या फेरीत काही लागलं नाही तर घाबरू नका. लागलं, पण मनासारखं नाही, तर रुजू व्हा आणि स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरू नका. तो भरला म्हणजे "मला हेच हवं, पुढे विचार करू नका" असं लिहून दिल्यासारखं होतं. कॉलेजच्या खिडकीवर इतर कागदांच्या गठ्ठ्यात तो पुढे सरकवला जातो आणि मुलं न वाचता सही करतात. प्रत्येक कागदाचं शीर्षक वाचा.

पुढच्या फेरीचा फॉर्म भरताना हातातल्या जागेपेक्षा सरस तेवढीच कॉलेजं लिहा. वरचं मिळालं की आधीची जागा आपोआप जाते, परत मिळत नाही. म्हणून जुनी यादी जशीच्या तशी उचलून भरायची नाही.

एमसीसीकडे पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर नुकसान नाही. पुढे प्रत्येक फेरीत सोडण्याची किंमत वाढते : अनामत जप्त होते, तिसऱ्या फेरीनंतर पुढच्या फेऱ्यांतूनही बाहेर. डीम्डची अनामत २ लाख आहे, सहज म्हणून नोंदणी करू नका. स्ट्रे, म्हणजे उरलेल्या जागांच्या शेवटच्या फेरीत मिळालेली जागा सोडल्यास पुढच्या वर्षालाही मुकावं लागू शकतं. एमसीसी आणि राज्य, दोन्हींकडे जागा धरून बसता येत नाही. वेळापत्रकं समोरासमोर ठेवून ठरवा.

याच काळात दुसरी दारंही उघडी ठेवा. बीएएमएस, बीएचएमएसचा ग्रुप बी वेगळा आहे. पशुवैद्यकीसाठी नागपूरच्या माफसू विद्यापीठाकडे वेगळा अर्ज असतो आणि तोही नीटच्याच गुणांवर. हे माहीत नसल्यानं दर वर्षी चांगली मुलं हुकतात.

रुजू व्हायच्या दिवशी मूळ कागद, झेरॉक्सचे तीन संच, डीडी आणि घरचं एक माणूस बरोबर असू द्या. कॉलेज मूळ कागद ठेवून घेतं. कोणते कागद दिले त्याची सही-शिक्क्याची पोच घ्या, कारण बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत, दुसरं सरस कॉलेज लागलं की तीच पोच दाखवून ते परत मिळवायचे असतात. संध्याकाळी पाचची मुदत असेल तर सकाळी दहाला खिडकीवर हजर राहा.